पसंतीक्रमाच्या मतदानाने दोन पक्षांची मक्तेदारी मोडते का?

मोडते, पण एका मतदारसंघातून तीन ते पाच जण निवडून जाणार असतील तरच. दोनपक्षीय पद्धतीत तिसऱ्याला दिलेलं मत वाया जातं, म्हणून लोक मन मारून दोघांपैकी एकाला देतात. पसंतीक्रमात मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असे क्रम लिहितो; तुमचा उमेदवार बाद झाला की मत पुढच्या पसंतीकडे जातं, आणि कोट्यापेक्षा (निवडून यायला लागणाऱ्या मतांपेक्षा) जादा पडलेली मतंही वळतात.

हे वळणं कोल्हापूरकरांनी जवळून पाहिलंय. जून २०२२ च्या राज्यसभा निवडणुकीत सहाव्या जागेची लढत धनंजय महाडिक आणि संजय पवार या आपल्याच दोघांत झाली. आमदारांची पहिल्या पसंतीची मतं पवारांना ३३, महाडिकांना २७. तरी निवडून आले महाडिक, कारण पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मतं पडली होती आणि त्यांची जादा मतं दुसऱ्या पसंतीने महाडिकांकडे आली. पक्ष कुठलाही असो, नियम हाच.

आयर्लंडमध्ये गेली शंभर वर्षं सामान्य मतदार असंच मतदान करतात. तिथे लहान पक्ष आणि अपक्ष टिकून आहेत, आणि मला तरी हीच पद्धत जास्त न्याय्य वाटते.

मात्र नुसते आकडे लिहिले म्हणजे प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा, आलं असं नाही. पुणे पदवीधर मतदारसंघात आपण जांभळ्या स्केच पेनाने १, २, ३ लिहितो, पण जागा एकच. ऑस्ट्रेलियाच्या कनिष्ठ सभागृहातही पसंतीक्रम आहे, पण दर मतदारसंघात जागा एकच असल्याने तिथे दोन गटांचंच वजन राहिलं. लहान पक्षांना खरी जागा मिळते ती सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, कारण तिथे एका मतदारसंघातून अनेक जण निवडले जातात.