तळमजल्याच्या फ्लॅटला बाहेर तीन पायऱ्या आहेत. वडिलांच्या व्हीलचेअरसाठी रॅम्प किती लांब लागेल, बाथरूममध्ये काय बदलावं, आणि सोसायटी अडवू शकते का?

पायरी ६ इंचांची धरली तर तीन पायऱ्यांचे झाले १८ इंच. उतार १:१२, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी, म्हणून रॅम्प १८ फूट. रुंदी ४ फूट. वर आणि खाली ५ बाय ५ फुटांची सपाट जागा लागते, ती वेगळी. जागा असेल तर उतार १:१५ ठेवा. आकडा ऐकून कमिटी म्हणणार, "सात फुटांत बसवा की." बसवू नका.

हा वाद घालून मी कंटाळलोय, म्हणून हिशोबच मांडतो. माणूस आणि खुर्ची मिळून ९० किलो. १:१२ वर ढकलायला साधारण साडेसात किलोचा जोर लागतो, सात फुटांच्या रॅम्पवर १९ च्या आसपास. घरात ढकलणारं कोण आहे ते बघा आणि ठरवा. उतरताना तर बसलेला माणूस पुढे घसरतो. असला रॅम्प स्कूटर चढवायला ठीक.

एका सोसायटीने माझं न ऐकता तोच करून घेतला. वर पॉलिशचा ग्रॅनाइट, का तर लॉबीशी मॅच व्हावा. लॉबीचं दार बाहेर उघडणारं आणि माथ्यावर सपाट जागा शून्य. म्हणजे एका हाताने खुर्ची उतारावर तोलायची, दुसऱ्याने दार ओढायचं, आणि ते दार उघडून खुर्चीवरच येणार. कडेला ना कठडा ना कट्टा. पावसाळ्यात वॉचमनने त्यावर पोती अंथरली. आता तिथे कुंड्या आहेत, आणि मीटिंगमध्ये ऐकवतात, "रॅम्प दिला होता, कोणी वापरतच नाही."

तुमच्याकडे सरळ १८ फूट नसतील तर ९ आणि ९ करून मध्ये ५ बाय ५ चं वळण द्या. वर खडबडीत कोटा फरशी किंवा ओलं असतानाच झाडू मारून खरखरीत केलेलं काँक्रीट. दोन्ही बाजूंना ३-४ इंचांचा कट्टा, म्हणजे पुढचं छोटं चाक बाहेर जात नाही. कठड्याचे पाइप दोन, २८ आणि ३६ इंचांवर. खाली ड्रेनेजचा चेंबर येतोय का ते आधी बघा. येत असेल तर तेवढा भाग चेकर्ड प्लेटचा (उठावदार नक्षीचा जाड लोखंडी पत्रा), उचलता येईल असा करा, नाहीतर चेंबर तुंबला की पहिला हातोडा रॅम्पवर.

बाथरूमचं थोडक्यात. दार अडीच फुटी असलं तरी चौकट आणि पल्ला जाऊन २५-२६ इंच उरतात, आणि खुर्चीच तेवढी असते. मोकळे ३ फूट काढा. पल्ला बाहेर उघडणारा किंवा सरकता हवा. आत माणूस पडून दाराला टेकला तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. उंबऱ्याची पट्टी अर्ध्या इंचाच्या आत, पाणी नहाणीच्या जाळीकडच्या उताराने अडवायचं. कमोडची बैठक खुर्चीच्या बैठकीला मिळती, साधारण १८-१९ इंच. टॉवेल रॉडला आधार समजू नका. ग्रॅब बार सव्वा ते दीड इंच पाइपचा, भिंतीपासून दोनेक इंच सुटा. भिंत सिपोरेक्सची (हलक्या, ठिसूळ ब्लॉकची) असेल तर स्क्रूसाठी ठोकलेली प्लास्टिकची गिट्टी उपटून हातात येते. आरपार बोल्ट मारून मागे पट्टी द्या. प्लंबर गेल्यावर नाही, तो समोर असतानाच एका धडधाकट माणसाला लटकवून बघा.

रॅम्पला सोसायटीची परवानगी लागते, कारण जागा सामाईक आहे. अर्ज लेखी, सोबत मापांचं स्केच, पोच घ्या. पत्रात दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चं नाव घाला. तरी अडलं तर राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, कार्यालय पुण्यात आहे. मात्र फायर ब्रिगेडच्या गाडीची वाट अडवणारा रॅम्प काढायला लावतील, तो मुद्दा कमिटीने काढला तर खरा आहे.

आणि बॅटरीची खुर्ची घ्यायचा विचार असेल तर तिचं माप आधी घ्या, वळणाला ५ फूट पुरतीलच असं नाही.