डीबगरमधलं डेसिमल: दशांश की दशमान?

डीबगर म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं साधन. त्यात व्हेरिएबलची, म्हणजे प्रोग्रॅममध्ये नाव देऊन साठवलेली, किंमत डेसिमल (दहाच्या पायावर), हेक्स (सोळाच्या), बायनरी (दोनच्या) अशा वेगवेगळ्या रूपांत पाहता येते. तो मेनू मराठीत आणताना डेसिमलला ‘दशांश’, हेक्सला ‘षोडशांश’ आणि बायनरीला ‘द्विअंकी’ म्हटलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंत.

तिन्ही शब्द बदलावेत असं मला वाटतं. दशांश म्हणजे दहावा भाग. दशांश चिन्ह, दशांश अपूर्णांक हे आपण शाळेपासून म्हणतो, आणि तिथे पूर्णांकाच्या पलीकडचं काहीतरी अभिप्रेत असतं. दहाच्या पटीने मोजायच्या पद्धतीला मात्र आपण दशमान म्हणतो. १ एप्रिल १९५७ला सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, ती दशमान पद्धतीची नाणी. इंग्रजीत डेसिमल हा एकच शब्द दोन्हीकडे राबतो. आपल्याकडे दोन शब्द आहेत, तर ते वापरावेत. व्हेरिएबलमध्ये २५५ असेल तर त्यात दशांश कुठला? ती दशमानात लिहिलेली संख्या, षोडशमानात, जिथे ९ नंतर ए ते एफ ही अक्षरं अंक म्हणून येतात, तीच एफएफ. याच चालीवर बायनरीला द्विमान आणि आठाच्या पायावरच्या ऑक्टलला अष्टमान. ‘द्विअंकी’ तर टाळाच. मराठीत द्विअंकी संख्या म्हणजे १० ते ९९, आणि द्विअंकी नाटकही असतं.

मेनूतल्या क्रियापदाकडेही लक्ष द्या. ‘षोडशमानात बदला’ असं लिहिलंत तर नवख्या माणसाला वाटेल की किंमतच बदलणार. मेमरीतले बिट (० किंवा १) जिथल्या तिथे असतात, बदलतं ते फक्त लेखन. म्हणून ‘षोडशमानात दाखवा’.

हे लेखन बदलून पाहण्यात केवढा अर्थ दडलेला असतो! युनिक्समध्ये फाइलच्या परवानग्या तपासताना डीबगर ४९३ दाखवतो आणि काहीच बोध होत नाही. अष्टमानात तेच ७५५ होतं: मालकाला सगळे हक्क, बाकीच्यांना वाचायचा आणि चालवायचा. फ्लॅगच्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे ज्याचा एकेक बिट एकेक हो-नाही सांगतो त्यात, ४० दिसलं तर ते द्विमानात पाहावं. ००१०१००० म्हणजे उजवीकडून चौथा आणि सहावा बिट चालू. जीडीबी या डीबगरमध्ये यासाठी ‘पी’ (प्रिंट) या आज्ञेपुढे तिरकी रेघ देऊन ‘टी’ लिहितात; हा ‘टी’ टू या शब्दाचा, कारण ‘बी’ हे अक्षर आधीच बाइटसाठी अडकलेलं आहे.

दशांश हा शब्द डीबगरमध्ये लागतोच, पण फ्लोट, म्हणजे अपूर्णांकही साठवणारं व्हेरिएबल, पाहताना. ०.१ हा साधा दशांश अपूर्णांक द्विमानात ०.०००११००११००११… असा संपतच नाही. या वाक्यात ‘अंश’वाला आणि ‘मान’वाला असे दोन्ही शब्द लागले, आणि ते एकमेकांच्या जागी घालून चालणार नाही.

बोलताना ‘हेक्समध्ये बघ’ हेच सगळे म्हणतात, ते तसंच राहू द्या. मेनूत जागा अपुरी असेल तर तिथेही षोडशमानाऐवजी ‘हेक्स’ लिहा, वाचणाऱ्याला ते लगेच कळेल.