हायब्रिड गाडी चालते कशी, आणि जळगावच्या उन्हात तिचा खरंच फायदा होतो का?

भाऊ, तुमचं महिन्याचं रनिंग १,००० किलोमीटर, बहुतेक जळगाव शहरात आणि अधूनमधून भुसावळ. चार्जिंगची सोय नाही म्हणता, तर हायब्रिडला, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या या गाडीला, ती लागतच नाही. बॅटरी गाडी स्वतःच भरते, म्हणजे सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलमधूनच येते. दीपनगरच्या वीज केंद्रातल्या कोळशाशी तिचा संबंध नाही, तसा तुमच्या छतावरच्या सोलरशीही नाही.

आधी शोरूमवाला नेमकं काय दाखवतोय ते बघा. माइल्ड हायब्रिडमध्ये पट्ट्यावरची छोटी मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते. एकट्या विजेवर ती गाडी हलत नाही. मायलेज किंचित वाढतं, बस. ग्रँड विटारासारख्या मॉडेलमध्ये दोन्ही प्रकार आलेत, त्यामुळे गफलत होते. पुढचं सगळं स्ट्राँग हायब्रिडबद्दल, म्हणजे एकट्या विजेवरही चालू शकणाऱ्या गाडीबद्दल.

उदाहरण म्हणून टोयोटाची हायरायडर बघा. दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, दोन मोटर आणि त्यांना जोडणारा प्लॅनेटरी गिअर. क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटरही नाही. ती दोन्ही कामं छोटी मोटर करते. इंजिन ॲटकिन्सन पद्धतीचं, म्हणजे हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो. पेट्रोल कमी लागतं, पण गाडी उचलायला असं इंजिन मठ्ठ असतं. ती कसर मोठी मोटर भरून काढते. ब्रेक दाबला की तीच मोटर जनरेटर होते आणि एरवी ब्रेक पॅडवर उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती बॅटरीत जाते. म्हणून फायदा आकाशवाणी चौक, इच्छादेवी, अजिंठा चौफुली अशा थांबत-थांबत जाण्यात जास्त. हायवेवर एकसारख्या शंभरच्या स्पीडला तो बराच कमी होतो.

बॅटरी मात्र अगदी लहान, पाऊण युनिटची. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे येताना ती मध्येच भरते, मग इंजिनाचा आवाज एकदम वाढतो. तो बिघाड नव्हे, इंजिन ब्रेकिंग चालू असतं, म्हणजे इंजिनच गाडीचा वेग आवरतं.

आता आपलं ऊन. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, म्हणून सिग्नलला इंजिन बंद असलं तरी गारवा राहतो. पण मे महिन्यात ४५ अंशांत बॅटरी पटकन उतरते, इंजिन पुन्हापुन्हा सुरू होतं आणि मायलेज पडतं. त्याहून महत्त्वाची ती मागच्या सीटजवळची जाळी. बॅटरी थंड करणारा पंखा तिथून केबिनची हवा ओढतो. तिच्यावर पिशव्या, चादर, गोणपाट ठेवलं किंवा आतला फिल्टर धुळीने चोंदला की बॅटरी तापते, पॉवर कमी होते आणि आयुष्यही घटतं. प्रत्येक सर्व्हिसिंगला तो फिल्टर उघडून साफ करायला सांगा. न सांगता करतीलच याचा भरवसा नाही.

दुसरी तक्रार १२ व्होल्टच्या साध्या बॅटरीची. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की ती उतरते, आणि हायब्रिड बॅटरी भरलेली असली तरी गाडी निघायला तयार असल्याचा 'रेडी' दिवा लागत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास चालवा. जास्त व्होल्टेजच्या नारिंगी वायरींना मात्र गल्लीतल्या वायरमनला हात लावू देऊ नका, जीवावर बेतेल.

प्रदूषणाचं म्हणाल तर एक लिटर पेट्रोल जळालं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. साध्या गाडीचं मायलेज १५ आणि हायब्रिडचं २२ धरा (कंपनीचा २८ चा आकडा चाचणीतला). तुमच्या रनिंगला महिन्याला २१ लिटर वाचतात, म्हणजे जवळपास ४९ किलो. शिवाय चौकात इंजिन बंद असेल तेव्हा धूर नाही. ब्रेक पॅडची पूडही कमी उडते. ४० युनिटच्या एका इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीत अशा पन्नासेक बॅटऱ्या बसतील, त्यामुळे बनवतानाचा बोजाही कमी. तरी इंजिन आहे तोवर धूर आहेच.

पैशाचं गणित वेगळं. लिटर १०५ रुपयांनी धरलं तर महिन्याला २,२०० रुपये वाचतात. किमतीत ३ लाखांचा फरक असेल तर वसुलीला ११ वर्षं लागतील, आणि हायब्रिड बॅटरीची वॉरंटी साधारण ८ वर्षांची. रनिंग २,००० च्या वर जाणार असेल तर घ्या. नाहीतर साधी पेट्रोल बरी.