मराठी लेखनासाठी सॉफ्टवेअर निवडताना

नव्या संगणकावर मराठी लेखनासाठी सॉफ्टवेअर निवडताना सुविधांची यादी वाचत बसण्यापेक्षा आपल्याच एखाद्या जुन्या, तक्ते आणि तळटीपा असलेल्या फाइलची प्रत त्यात उघडून पाहावी. ‘दुसऱ्या’, ‘ॲप’, ‘हृदय’ असे अवघड अक्षरांचे शब्द टंकित करावेत आणि शोध घेतल्यावर ते सापडतात का, हेही तपासावे.

मला स्वतःला फाइलचे स्वरूप सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण माझी कित्येक वर्षांची टिपणे युनिकोड (म्हणजे सर्व संगणकांना समजणारी अक्षरांची सामायिक संकेतपद्धती) नसलेल्या एका फॉन्टमध्ये अडकली होती आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती अर्थहीन रोमन अक्षरांसारखी दिसत. लिबरऑफिस हे लेखनाचे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे आणि ते मुळात ओडीएफ या खुल्या स्वरूपात फाइल जतन करते. हे स्वरूप २००६ साली आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचे मानक झालेले असल्यामुळे उद्या सॉफ्टवेअर बदलले तरी मजकूर हाती राहतो. मात्र कार्यालयातून सतत मायक्रोसॉफ्ट वर्डच्या फाइली येत असतील, तर मांडणी थोडीफार सरकू शकते, आणि अशा वेळी वर्डसाठी पैसे मोजणे मी गैर मानत नाही.

कोणतेही सॉफ्टवेअर निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावे. जुने लगेच काढून टाकू नये. महिनाभर दोन्ही शेजारी ठेवावीत.