एकूण किती, ते रुपयांत विचार

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. परवा परळच्या बसस्टॉपवर तू म्हणालीस, "काका, ऑफिसातल्या मुलींना हे सगळं आधीच ठाऊक असतं, मीच ढ आहे." ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. ढ कसली? त्यांच्या घरी जेवताना विमा, टॅक्स, व्याज हेच विषय निघतात. आपल्या खोलीत पंधरा तारखेनंतर पगार उरलाय का, एवढंच बोलणं व्हायचं. पैसेवाल्याला समजवायला बँकेचा माणूस घरी येतो; अठरा हजार पगारवालीला सही कुठे करायची तेवढं दाखवतात.

म्हणून विचार. एकूण किती फेडायचे, ते रुपयांत विचार. टक्के ऐकून मान हलवू नकोस.

पतपेढीच्या काउंटरमागे मी सत्तावीस वर्षं काढली. एक भाजीवाली लाखाच्या कर्जाला आली. "बारा टक्के," मी सांगितलं. ते फ्लॅट होते: दोन वर्षांचं व्याज 24,000, हप्ता 5,167. मुद्दल महिन्यागणिक फिटतं, व्याज मात्र अख्ख्या लाखावर. घटत्या शिलकीवर मांडलं तर दर साडेएकवीसच्या आसपास जातो. मला ते माहीत होतं. तिने अंगठा उठवला, शाई केसांना पुसली, "देव तुमचं भलं करो" म्हणाली नि गेली. मी गप्प. नोकरी गेली असती गं, दोन मुलं शाळेत होती. तिने विचारलं असतं तर खोटं बोललो नसतो, हे शपथेवर सांगतो. पण तिने विचारलंच नाही!

तू विचार. 1 ऑक्टोबर 2024 पासून असं नवं कर्ज देताना बँकेला, फायनान्स कंपनीला 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावंच लागतं. फी-बी सगळी धरून वर्षाचा खरा दर त्यात असतो, तोही तुला समजेल अशा भाषेत. मराठीत माग. मागची रांग कुरकुरली तर कुरकुरू दे. फोनच्या 'झिरो टक्के' हप्त्यावर प्रोसेसिंग फी घेतली ना? मग झिरो कसलं? दुकानात विचारायची लाज वाटली म्हणालीस, त्याचा मला राग आला, अजून गेलेला नाही. कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाच मिनिटं भांडतेस की!

स्कूटीच्या कर्जाचे कागद रविवारी घेऊन ये, सही न करता. काकू थालीपीठ लावणार आहे. त्याआधी त्या एजंटला फोन कर नि एकूण आकडा विचार. मला तो तुझ्या तोंडून ऐकायचाय.

तुझा,
काका