अर्धे भरलेले भांडे

“माझं अख्खं वर्ष वाया गेलं.” समुपदेशक म्हणून काम करताना मोठ्या आजारातून उठलेल्या माणसांच्या तोंडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की त्यावर एकदा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. नोकरीतल्या कामासाठी रजा टाकता येते आणि ते काम दुसरे कोणीतरी उचलते. पण ज्याने स्वतःच्या आनंदासाठी काही योजलेले असते, त्याचे काम त्याच्यावाचून जिथल्या तिथे पडून राहते आणि रोज डोळ्यांसमोर येते. छंदात जीव गुंतलेली माणसे हे वाक्य अधिक कळवळून बोलतात, ते यामुळेच असावे.

ज्यांच्याविषयी लिहीत आहे ते गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले, दिवसा कार्यालयात आणि रात्री स्वतःच्या कामाच्या टेबलावर असणारे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. वर्षारंभी त्यांनी वहीत पाच उपकरणांची यादी केली होती; तिच्यात पर्जन्यमापक होता, वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र होते आणि आईला औषधांची वेळ सांगणारी पेटीही होती. जानेवारीतच त्यांना न्यूमोनिया झाला. त्यातून सावरतात तोच मे महिन्यात उजवा खांदा आखडला. डिसेंबरमध्ये ते माझ्याकडे आले तेव्हा पाचांपैकी फक्त औषधांची पेटी पूर्ण झालेली होती.

“पाच व्हायलाच हवी होती, मॅडम. इतरांना जमतं, मग मलाच का नाही?”

या वाक्यातल्या ‘च’पाशी मी थांबले. ‘व्हायला हवी होती’ ही इच्छा आहे, आणि ती पुरी झाली नाही तर माणसाला वाईट वाटते. ‘व्हायलाच हवी होती’ हा हुकूम आहे. तो पाळला गेला नाही की माणूस स्वतःलाच गुन्हेगार ठरवतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीवर, म्हणजे असे हुकमी विचार ओळखून बदलण्याच्या पद्धतीवर, माझा विश्वास आहे, तो या एका अक्षरामुळे. स्वतः एलिस यांना चाळिशीत मधुमेह झाला होता आणि त्यानंतर त्यांनी अनेक दशके काम केले, हे मी या गृहस्थांना सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले, पण मनाला लावून घेतले नाही. दुसऱ्याच्या उदाहरणाने क्वचितच कोणी बदलतो.

पुढच्या भेटींत आम्ही आधी वस्तुस्थिती नीट मांडली. न्यूमोनियातून उठल्यावर तीन महिन्यांनी बहुतेक लक्षणे गेलेली असतात, तरी थकवा मागे राहू शकतो. पूर्ववत वाटायला अनेकांना सहा महिने लागतात. आखडलेला खांदा तर आधी दुखतो, मग घट्ट होतो आणि मग हळूहळू सुटतो. या प्रवासाला एक ते तीन वर्षेही लागू शकतात, आणि मधुमेह असलेल्यांमध्ये हा त्रास अधिक आढळतो. त्यांना मधुमेह होताच. टेबलावर फार वेळ बसल्याची ही शिक्षा आहे असे ते महिनोन्‌महिने समजत होते, आणि तो समज दूर होताच त्यांचा चेहरा उजळला. आजारी माणसाशी बोलताना त्याच्या आजाराचे साधे वेळापत्रक त्याला माहीत आहे का, हे मी आता पहिल्याच भेटीत विचारते.

खरे वळण मात्र सहाव्या भेटीत आले. अपुऱ्या पर्जन्यमापकाविषयी बोलताना त्यांच्या आवाजात निराळीच उमेद येते, हे माझ्या लक्षात आले होते. म्हणून मी त्यांना म्हटले, “तो चालतो कसा, हे मला समजावून सांगा.”

ते खुर्चीत पुढे सरकले. नरसाळ्यातून पाणी खाली येते. खाली तराजूसारख्या डुलणाऱ्या पट्टीवर दोन छोटी भांडी असतात. एक भरले की ते कलंडून रिकामे होते आणि दुसरे नरसाळ्याखाली येते. प्रत्येक वेळी पट्टीवरचे चुंबक एका स्विचजवळून जाते आणि एक नोंद होते. एक नोंद म्हणजे, समजा, 0.2 मिलिमीटर पाऊस.

“आणि भुरभुर पाऊस आला, भांडं भरलंच नाही, तर?”

“तर नोंद होत नाही.”

“म्हणजे पाऊस पडला नाही?”

“पडला ना! पाणी भांड्यात असतं. थोडं उन्हानं उडून जातं, पण उरलेलं तिथंच असतं. पुढची सर आली की थोड्याशा पाण्यानंही कलंडतं.”

“तुमचं वर्ष मोजणारं भांडं केवढं आहे?”

ते बराच वेळ गप्प राहिले. मीही बोलले नाही. समुपदेशकाने आपले वाक्य समजावत बसू नये, हे मी फार उशिरा शिकले. अखेर ते म्हणाले, “एक अख्खं यंत्र.” मग त्यांनी वही काढली आणि ज्या पानांवर आधी त्यांना केवळ अपयश दिसत होते, ती मोठ्याने वाचू लागले: तीनदा कापून अखेर जमलेले नरसाळे, कोपर अंगाशी ठेवूनच सोल्डरिंगचा डाग देता यावा म्हणून बदललेली टेबलाची मांडणी, डाव्या हाताने चालवता येईल असा लाकडी चिमटा. यांतला एकही दिवस मोजला गेला नव्हता.

पुढच्या भेटीत ते स्वतःच एक गोष्ट घेऊन आले, आणि ती मला सुचलेली नव्हती याचा मला मनापासून आनंद आहे. ते म्हणाले, “मुसळधार पावसातही हा मापक कमीच मोजतो. भांडं कलंडत असतं तेवढ्यात वरून येणारं पाणी निसटतं.” मार्च-एप्रिलची पाने उघडून त्यांनी दाखवले, की ज्या रात्री बरे वाटले म्हणून ते चार-पाच तास बसले, त्यानंतरची तीन-चार पाने कोरी होती.

अशी कोरी पाने ज्यांच्या वहीत आहेत त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की काम थांबवण्याचा निर्णय थकव्यावर सोपवू नये. थकवा जाणवेपर्यंत उशीर झालेला असतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी जुनाट वेदनांविषयीच्या 1976च्या पुस्तकात, दुखेपर्यंत न करता आधी ठरवलेल्या मापाइतकेच करण्यावर भर दिला होता, आणि माझ्या अनुभवात याहून उपयोगी सल्ला दुसरा नाही. वाईट दिवशीही जमेल एवढे माप घ्यावे, चांगल्या दिवशीही तेवढेच करावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ते हळूहळू वाढवावे. चांगल्या दिवशी थांबणे हेच अधिक कठीण असते.

यादी लहान करण्याची लाजही वाटू नये. पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन ऐंशीच्या वयात कमी रचना निवडत, त्यांचा सराव अधिक करत आणि जलद भागाच्या आधीचा भाग मुद्दाम संथ वाजवत, म्हणजे पुढचा वेग उठून दिसे. आमच्या गृहस्थांनी पाचांतील दोन उपकरणे यादीतून काढली, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. ते दुःख खरे होते आणि मी ते पुसायला गेले नाही. मात्र आवडीचे कामही नकोसे वाटणे, झोप बिघडणे, जगण्यात अर्थ नाही असे वाटणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर त्याला आजारपणातली उदासी म्हणून सोडून देऊ नये, मनोविकारतज्ज्ञांना भेटावे; आणि जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये.

मार्चमध्ये ते शेवटचे आले तेव्हा पर्जन्यमापक अजून अपुराच होता आणि हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता. वहीतले आदल्या दिवशीचे पान त्यांनी माझ्यापुढे धरले. त्यावर लिहिले होते: “पट्टीची खीळ बसवली. 25 मिनिटे. थांबलो तेव्हा आणखी करता आले असते.”