एक नियम, एक माणूस

प्रिय मुला,

तुझ्या आठ मिनिटांच्या ॲनिमेशन लघुपटाची पटकथा वाचली. 'मॅट्रिक्स' चित्रपटांच्या विश्वात, म्हणजे माणसं यंत्रांनी रचलेल्या आभासी जगात झोपून आहेत त्या विश्वात, गोष्ट घडवायचं ठरवलंस, छान. पण पहिल्या तीन पानांत यंत्रांचं बंड, झायन हे जाग्या माणसांचं शहर, भविष्यवाणी, नायक निओ सगळं कोंबलंस आणि आता विचारतोस, शेवट का जमत नाही. अरे, सुरुवातच अजून संपलेली नाही!

२००३चा 'द ॲनिमॅट्रिक्स' पुन्हा लाव. त्याच विश्वातले नऊ ॲनिमेशन लघुपट आहेत. त्यातला कोजी मोरिमोतोचा 'बियाँड' आधी पाहा. हरवलेलं मांजर शोधत योको एका पडक्या वास्तूत शिरते. तिथे उंचावरून उडी मारलेली पोरं जमिनीला टेकण्याआधी हवेत थबकतात. फुटलेली बाटली आपोआप सांधली जाते. नियम एकच, आभासी जग चालवणाऱ्या प्रणालीत बिघाड झालाय. पोरांच्या लेखी ते भुताचं घर. निओ नाही, झायन नाही, कुणी काही समजावून सांगत नाही. प्रणालीचे पहारेकरी, म्हणजे एजंट, येऊन जागा साफ करतात, तेव्हा पोरांचं काय गेलं ते आपल्याला नेमकं कळतं. एक नियम, एक माणूस. बाकी सगळं त्यातून आपोआप उमगतं.

ताकेशी कोइकेच्या 'वर्ल्ड रेकॉर्ड'मध्येही तेच. शरीर पराकोटीला ताणलं, तर झोपलेला माणूस जागा होऊ शकतो, हा नियम. आणि धावपटू डॅन, हा माणूस. शर्यत काही सेकंदांचीच, पण कोइके स्नायू इतके पिळून काढतो की तो नियम डोळ्यांना दिसतो.

तू म्हणशील, त्यातल्याच 'द सेकंड रेनेसाँ'मध्ये तर माणूस-यंत्र युद्धाचा सगळा इतिहासच आहे. आहे ना! पण त्याची कथा 'मॅट्रिक्स'च्या कर्त्या वाचोव्स्कींची स्वतःची आहे, त्याला दोन भाग मिळालेत, आणि दिग्दर्शक माहिरो माएदा तिथेही आधी बी१-६६ईआर या एका यंत्रमानवाच्या खटल्यावर थांबतो. मालकाला मारलं, कारण मरायचं नव्हतं. म्हणजे तिथेही एक नियम, एक जीव. मी हट्टाने हेच सांगतो आणि सांगत राहीन, कारण चांगले विषय इथेच बुडतात.

आता हिशेब कर. आठ मिनिटं म्हणजे ४८० सेकंद, सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम), म्हणजे ११,५२० चौकटी. एकच चित्र दोन चौकटींना वापरलं तरी ५,७६० चित्रं. तुझी झायनमधली गर्दी बारा सेकंदांची आहे, म्हणजे १४४ चित्रं आणि प्रत्येकात शेकडो माणसं. ती कोण काढणार? ते प्रसंग काढून टाक. हळहळ वाटेल, तरी काढ.

मूळ चित्रपटांशी जोडणीबद्दल एवढंच: 'ओसिरिस' जहाजाच्या निरोपाची गोष्ट 'ॲनिमॅट्रिक्स'मधल्या एका लघुपटात आहे, पण दुसऱ्या 'मॅट्रिक्स' चित्रपटात, 'रीलोडेड'मध्ये, ती संवादातून पुन्हा सांगितली जाते, म्हणून कुणी अडखळत नाही. 'किड्स स्टोरी' या दुसऱ्या लघुपटातला मुलगा मात्र 'रीलोडेड'मध्ये निओच्या मागेमागे का फिरतो, हे लघुपट न पाहिलेल्याला उलगडत नाही. तुझा लघुपट एकटा उभा राहिला पाहिजे.

आधी नियम एका वाक्यात लिही, एकही विशेषनाम न वापरता. जमला नाही, तर स्टोरीबोर्डला, म्हणजे दृश्यांच्या कच्च्या चित्रांना, हात लावू नकोस. जमला, तर तीच चित्रं वेळेनुसार जोडून कच्च्या आवाजासह ॲनिमॅटिक बांध आणि 'मॅट्रिक्स' कधीच न पाहिलेल्या माणसाला दाखव. तो जिथे 'हा कोण?' विचारेल, तिथे संवाद घालू नकोस, ते दृश्यच काप. मग उरलेलं मला पाठव. सात मिनिटांचं झालं, तरी मला चालेल.